आतली कडी

बोडीटोला, देवरीजवळ
रविवार, १४ डिसेंबर १९५८

प्रिय निर्मला,

तुझं पत्र मंगळवारी मिळालं आणि आज रविवार उजाडला तरी माझी तार तुला पोचलेली नाही. एवढ्या दिवसांत तू मला किती नावं ठेवली असशील ते इथे बसून ऐकू येतंय. ‘होकार तारेने कळव’ या शब्दांखाली तू दोन रेघा ओढल्या होत्यास, त्यातली दुसरी कागद फाडून पलीकडे गेली आहे. तार करायला आमगावला जावं लागतं हे खरं, पण ते कारण नव्हे, हे तू ओळखलंच असशील. पत्र लांबणार आहे. वहिनींची हाक यायच्या आत संपायचं नाही, तेव्हा जिन्याखाली आपल्या ट्रंकेवर बसून दोन बैठकींत वाच.

तू लिहिलंस की तुमच्या आळीतल्या मुलींच्या शाळेत एक जानेवारीपासून इंग्रजीच्या बाईंची जागा रिकामी होते आहे, मोठ्या बाईंनी ती माझ्यासाठी धरून ठेवली आहे आणि शाळेच्या आवारातली एक खोलीही देणार आहेत. दारात कडुनिंब, अंगणात स्वतंत्र नळ. वर्षभर तू त्या शाळेच्या पायऱ्या झिजवल्यास, माझं नाव सांगत राहिलीस, कारण गेल्या डिसेंबरात मी तुला ‘मला इथून सोडव’ असं रडकं पत्र धाडलं होतं. ते पत्र आठवलं की मला अजून लाज वाटते. तुझ्या कपाळाचं कुंकू जाऊन तेव्हा सहा महिनेही झाले नव्हते. नुकती कुठे तू दादांच्या घरी परत आली होतीस, आणि मी तुला काय लिहावं, तर मला झोपायला नीट जागा नाही.

पण खरंच नव्हती ग. नॉर्मल स्कूलमधून आपण दोघी एकदमच शिक्षिका होऊन बाहेर पडलो. तू इंग्रजीत पहिली, मी तुझी वही वाचून चौथी. तुझं लग्न झालं आणि मला नेमणुकीचा हुकूम आला. त्यात माझं नाव होतं, विषय होता, गावाच्या जागी मात्र ‘मागाहून कळविण्यात येईल’. मी आपली ट्रंक-वळकटी घेऊन गोंदियाला उतरले. कचेरीत नऊ दिवस बाकावर बसले. रोज मला उद्या यायला सांगत. धर्मशाळेत तीन दिवसांवर राहू देत नाहीत, म्हणून मी तीन धर्मशाळा पालटल्या. तिसऱ्या ठिकाणचा मॅनेजर छोटेलाल रोज सकाळी ‘बहनजी, साथ में कौन है?’ असं विचारायचा. मी रोज सांगायची, सरकार. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, माझं हमालाच्या डोक्यावर होतं, एवढाच फरक. मामांकडे परत जायची सोय नव्हती, कारण त्यांनी मला शिकवलं तेच पुन्हा दारात यायला नको म्हणून.

दहाव्या दिवशी कचेरीत केवळराम आला. बोडीटोल्याचा शेतकरी, जातीने कोहळी. या लोकांचा जीव तलावात. यांच्या पूर्वजांनी गावोगावी तलाव बांधले, आणि तलावाच्या पाळीला, म्हणजे बांधाला, उंदराने बीळ केलं तरी यांची झोप उडते. बोडीटोल्याच्या तलावाचं पाणी सोडायचं दार मोडलं होतं, त्यासाठी त्याचा हा पाचवा हेलपाटा. साहेबांनी सांगितलं की यंदा तलावासाठी काही होणार नाही, पण एक इंग्रजीच्या बाई आहेत, त्यांना गाव नाही. केवळरामाने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, थोडा विचार केला आणि म्हणाला, “मंग बाईच द्या जी. रिकाम्या हातानं काऊन जाऊ?” अशी माझी नेमणूक झाली. संध्याकाळच्या मोटारीने आम्ही देवरीला आणि तिथून बैलबंडीने गावात पोचलो. आपल्या लेकाने तलावाच्या दाराऐवजी बाई आणलेली पाहून त्याच्या आई देवकाबाई बंडीत आणखी काही आहे का ते डोकावून पाहू लागल्या.

गावात रिकामी खोली एकच, देवकाबाईंची धानाची कोठी. मातीच्या भिंती, वर हातभर खिडकी, कोपऱ्यात बांबूच्या दोन मोठ्या ढोल्या, त्यात धान भरतात. खोली कोरडी, सारवलेली, मला आवडली. फक्त कडी बाहेरून होती. धानाला आतून कडी लावायची गरजच काय? तिसऱ्या दिवशी भल्या पहाटे देवकाबाई शेतात धानाच्या रोवणीला निघाल्या आणि शेळ्या आत शिरू नयेत म्हणून वर्षानुवर्षांच्या सवयीने बाहेरून कडी घालून गेल्या. आत मी! अख्खा टोला चिखलात, ओरडून ऐकणार कोण? शाळेचे हेडमास्तर टिकाराम गुरुजी तासभर वाट पाहून शेवटी शोधत आले, तेव्हा सुटले. संध्याकाळी देवकाबाईंनी कपाळावर हात मारून घेतला आणि मला गूळ-पोहे खायला घातले. त्यानंतर त्यांनी कडीला हात लावला नाही. पण तेव्हापासून मी रोज ट्रंक दाराला लावून झोपू लागले. भीती कुणाची अशी नव्हती. आपलं दार आपल्या हातात नाही, एवढंच सलत होतं.

मग कार्तिक आला आणि मला खरी गंमत कळली. शेतातून धान घरी आलं की बाई बाहेर. पहिल्या साली मला शाळेच्या एका वर्गात ठेवलं. सात वाजता पोरं यायची, त्याआधी अंथरूण गुंडाळून मी बाई होऊन खुर्चीत बसलेली असायची. त्याच महिन्यात आपलं राज्य बदललं. मी मध्यप्रदेशात झोपले आणि मुंबई राज्यात उठले, पण झोपले आणि उठले ती त्याच फळ्याखाली. माझे कागद नव्या राज्यात कुठे गेले ते कुणाला ठाऊक नव्हतं. ज्या इंग्रजीसाठी आले तो पाचवीचा वर्ग मंजूरच झाला नव्हता, तोवर पहिलीला बाराखडी शिकव म्हणाले. फाल्गुनात धान संपत आलं, पुन्हा कोठी. पुढच्या कार्तिकात पुन्हा बाहेर, या वेळी टिकाराम गुरुजींच्या गोठ्यालगतच्या खोलीत. तिथे म्हैस रात्रभर भिंतीला पाठ घासायची. तेव्हाच तुला ते पत्र लिहिलं.

यंदा जुलैत पाचवी सुरू झाली. अकरा मुलं, त्यांत दोन मुली. त्यांच्या तोंडात इंग्रजी शब्द बसता बसत नाहीत, पण हसून हसून का होईना, म्हणतात. पण त्याच्या आधीची गोष्ट सांगायची राहिली. पौषात केवळराम कागद घेऊन आला. म्हणाला, मराठीत सहा अर्ज झाले, तुम्ही इंग्रजीत एक लिहा. मी लिहिला. तलाव किती एकरांना पाणी देतो, दार मोडल्याने किती पाणी वाया जातं, सगळं त्याने सांगितलं तसं. तुझी शिकवणी आठवून वाक्यं आखूड ठेवली. उन्हाळ्यात ओव्हरसिअर आला आणि पावसाआधी दार बसलंही. यात माझ्या इंग्रजीचा वाटा किती आणि नव्या साहेबाचा किती, देव जाणे. गावाने मात्र सगळं श्रेय मला देऊन टाकलं आणि मीही नको म्हटलं नाही.

या साली पाणी वेळेवर मिळालं. धान असं आलं की देवकाबाईंच्या दोन ढोल्यांत मावेना. बंडी दारात उभी राहिली तेव्हा मी शहाण्यासारखी आधीच ट्रंक बांधून, वळकटी गुंडाळून ओट्यावर बसले होते. गुरुजींच्या म्हशीसाठी मनाची तयारीही केली होती. देवकाबाईंनी मला पाहिलं आणि विचारलं, “काऊन जी बाई, कुठी जाऊन राहिल्या?” मी म्हटलं, धान आलं ना. त्या म्हणाल्या, “धान पडवीत राहीन. त्याले का सकारी उठून शाळेत जाच हाय?” आणि खरंच, दोन्ही ढोल्या चौघांनी उचलून पडवीत नेल्या. वरचं धान पोत्यांत, पोती भिंतीशी. ज्या घरात धानापुढे पाहुण्याला जागा नाही, त्या घराने धान बाहेर ठेवलं ग. भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी म्हणतात. मी पसरले ते खोलीभर, आणि ओसरी गेली धानाला. दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर केवळराम दाराशी छिन्नी घेऊन बसलेला. त्याने लोहाराकडून कडी करून आणली होती आणि ती दाराच्या आतल्या बाजूने ठोकत होता. त्याला मी कधी काही बोलले नव्हते. ट्रंक सरकल्याचा आवाज रोज रात्री पलीकडे ऐकू जात असणार.

त्या दिवशी मी दार लावलं, कडी घातली आणि पुष्कळ रडले. दुःखाने नव्हे. आता ट्रंक खाटेखाली असते.

तेव्हा निर्मले, तू शोधलेली जागा मला नको. रागावू नकोस, अजून पुढे आहे. पाच दिवस मी तुझी वर्षभराची सगळी पत्रं काढून वाचली. माझी ट्रंक वर्षातून दोनदा हलते म्हणून मी केवढा आकांत केला. तुझी ट्रंक माजघरातून गच्चीवर, गच्चीवरून जिन्याखाली, दर पाहुण्यामागे हलते, आणि तू ते ‘गंमत म्हणजे’ असं लिहून पुढच्या ओळीत माझ्या नोकरीकडे वळतेस. एकाही पत्राच्या शेवटी तुझी सही सरळ आलेली नाही, दर वेळी कुणीतरी हाक मारतंय. वहिनी वाईट नाहीत, दादा तर देवमाणूस, मला ठाऊक आहे. तू त्या खोलीत राहायला निघालीस की दादा म्हणतील, आमच्याकडे तुला काय कमी आहे? त्यांना सांग, काही कमी नाही, म्हणूनच रोज संध्याकाळी भेटायला येत जाईन. शाळा तुमच्याच आळीत आहे.

काखेत कळसा आणि गावाला वळसा! त्या मोठ्या बाईंना इंग्रजीची मास्तरीण हवी आहे, आणि नॉर्मल स्कूलात इंग्रजीत पहिली आलेली बाई वर्षभर त्यांच्यासमोर उभी राहून चौथीची शिफारस करते आहे. या पाकिटात दुसरं पाकीट आहे, मोठ्या बाईंच्या नावाचं. त्यात मी लिहिलं आहे की मला येता येत नाही, पण ज्या मुलीने मला इंग्रजी शिकवलं तीच हे पत्र घेऊन तुमच्यापुढे उभी आहे, तिला बसायला सांगा. पाकीट चिकटवलेलं नाही. वाच, माझ्या चुका सुधार, तेवढं तुला जमेलच, आणि उद्याच तुझं सर्टिफिकेट ट्रंकेतून काढून दोन्ही घेऊन जा. तार तू मला कर. मी ती आणायला आमगावला माणूस पाठवून ठेवते आहे, केवळरामच जातो म्हणालाय. खोली दाखवतील तेव्हा कडुनिंब आणि नळ मागाहून बघ. आधी आत जा, दार लाव आणि आतली कडी घाल. काही काम नसलं तरी थोडा वेळ तशीच बस.

तुझीच, जिचं इंग्रजी अजून तुझ्याच वहीतलं आहे,
जमुना