पाइनच्या बियरची चव

येडगाव,
१७ फेब्रुवारी २००५

चि. सोमनाथ यास,

ताईचा आशीर्वाद. आई बरी आहे, गुडघे सोडून. मीही बरी आहे, अंगणवाडीतली पोरं सोडून. धरणात पाणी चांगलं आहे. मेंढ्या आता अकराच राहिल्यात.

तुझी बाटली पोचली. तुझ्याबरोबर काम करणारा सुदर्शन सुट्टीवर आला तसा आळेफाट्यावरून वाट वाकडी करून देऊन गेला. तिकडं विलायतेतल्या डोंगरातल्या पाइनच्या झाडांचे कोवळे शेंडे घालून तू स्वतः केलेली पहिली बियर, आणि चव आधी ताईनं सांगायची! काय रे हा मान? भाऊबीजेला कधी साडी नाही धाडलीस.

चिठ्ठीत लिहिलं होतंस तसंच केलं. ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली आणि दुपारी फुलपात्र घेऊन धरणाच्या काठाला बाभळीखाली जाऊन बसले. चाळिशीची बाई, अंगणवाडीची सेविका, आणि पदराआड बियर! कुणी बघितलं असतं तर गावभर झालं असतं.

रंग पातळ काकवीचा. वास घेतला आणि हसूच आलं. अरे, हे तर टरपेंटाइन! मेंढीच्या जखमेत किडे पडले की आपण ओतायचो ना, तेच. मग हळूहळू त्याच्यामागून लिंबाच्या सालीचा वास आला, मग ओल्या लाकडाचा. पहिला घोट कडू जहर, थुंकणारच होते. दुसरा नाकात गार गार चढला. तिसऱ्यानंतर काय झालं कोण जाणे. वारा नव्हता, पाणी हलत नव्हतं, पलीकडचा काठ उन्हात विरघळत चालला होता, आणि मी कुठंतरी चालत होते. उंच उंच झाडं, पायाखाली काहीतरी मऊ, पावलांचा आवाजच नाही. पुढं तू, पाठमोरा, मेंढ्यांच्या मागं. आणि तुझ्या शेजारी आबा. सरळ चालत होते रे, एकदाही झोकांडी नाही. मी हाक मारली नाही. मारली असती तर दोघंही गेले असते.

सोमा, मला आवडली. लई आवडली. फुलपात्र संपलं तेव्हा आणखी ओतावीशी वाटली, आणि आबांना काय वाटत असेल ते मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. भीती वाटली मला. बूच दाबून उठले.

उरलेली बाटली मेंढ्यांच्या औषधांच्या फळीवर लपवली. शहाणी मी! दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं वास घेतला, टरपेंटाइन समजली आणि लंगड्या मेंढीच्या खुरात ओतली. खुरातून फेस यायला लागला. मेंढी पाय चाटायची थांबेना. आईनं आपलं बोट चाटून बघितलं आणि तिथंच शेणात बसली.

"रोहिणे, ह्ये औषध न्हाई."

तू तिला सांगितलंयस की तू औषधाच्या कारखान्यात आहेस. मीही पाच वर्षं हो ला हो केलं. आता काय बोलणार? तू बियरच्या कारखान्यात आहेस, ते सगळं सांगून टाकलं. मला वाटलं, ती बाटली आपटेल, तुझं नाव टाकेल. तिनं पदरानं मेंढीचा खूर पुसला. मग म्हणाली, "तुझ्या आबाच्या तोंडाला निदान असला वास असता." आणि रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "करीना का बापडा, धंदाच हाये त्यो. पर निस्ता बनवतो का पितो, तेवढं इचार त्याला."

मी म्हटलं, विचारते. खरं तर मला विचारायची गरज नाही.

रविवारी तुझा फोन येतो तेव्हा इथं संध्याकाळचे सात असतात. तुझ्याकडं दुपारचा दीड. सलग तीन रविवार तुझी जीभ जड होती, सोमा. एकच गोष्ट तू दोनदा सांगितलीस आणि दोन्ही वेळा हसलास. लाइन खराब आहे असं सांगून मी आईच्या हातातून फोन काढून घेतला. सुदर्शनला विचारलं तर म्हणाला, "मजेत आहे," आणि चहा न घेता बूट घालायला लागला.

आबांच्या वेळीही हेच केलं मी. दारात कुणी आलं की सांगायची, ताप आलाय त्यांना. तू नववीत होतास ते गेले तेव्हा. तेव्हाही लोकांना तापानंच गेले म्हणून सांगितलं. मी खोटं बोलले म्हणून ते गेले असं नाही, पण खरं बोलले असते तर कुणीतरी वेळेवर धावून आलं असतं. हे मी आजवर कुणाला बोलले नाही.

तेव्हा चव कळवली. बियर चांगली झालीय, तुझ्या हाताला गुण आहे. आता माझं एक ऐक. हे पत्र मिळालं की येणाऱ्या रविवारी उठल्या उठल्या फोन कर, तोंडात काहीही जायच्या आधी. आईच उचलेल. ती विचारेल त्याचं खरं उत्तर तू दे. मी फोनपाशी नसेन.

तुझ्यासाठी यापुढं एकही खोटं न बोलणारी,
ताई