बाबा 'छान' म्हणाले

दि. ३ जून

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

आपल्या घरात फोनवर काही बोलायची सोय नाही. मी इकडून प्रश्न विचारते आणि पलीकडच्या खोलीतून आई उत्तरं देते. म्हणून हे पत्र.

कॅन्सरच्या गोळ्या सुरू झाल्यापासून आईला सगळं गंजक्या खिळ्यासारखं लागतं, तोंडात फोड आलेत, आणि पुढच्या तपासणीत वजन आणखी उतरलेलं दिसलं तर डॉक्टर गोळ्या कमी करणार, असं तू लिहिलंस. म्हणजे गोळ्या हव्या असतील तर तिने जेवलंच पाहिजे. मी इथल्या डॉक्टरीणबाईंना विचारलं. स्टीलचे चमचे बंद करून लाकडी काढ. मीठ-सोड्याच्या कोमट पाण्याने गुळण्या. ताटभर वाढू नका, थोड्या थोड्या वेळाने वाटीभर द्या. फोड वाढले तर लगेच डॉक्टरांना सांगायचं. आई 'बरंय' म्हणेल, तिकडे लक्ष द्यायचं नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. चव कळत नसली तरी ती स्वयंपाकघर सोडणार नाही. तेव्हा आजपासून तिच्या हातच्या जेवणाला कोणी नावं ठेवायची नाहीत. विशेषतः बाबांनी. हे त्यांना माझ्या नावाने वाचून दाखव. मी शंभर मुलींचं वसतिगृह चालवते, एका बाबांना शिस्त लावणं मला जड नाही.

माया आहेच, तीत उत्तर लवकर पाठवून भर घाल.
तुझी ताई


दि. १२ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझा हुकूम लागू झाला आणि घात झाला.

तुला बाबा माहीतच आहेत. बल्बच्या कारखान्यात माल तपासण्यात उभी हयात गेली, लखलखीत पेटलेल्या बल्बमध्येही खोट काढायची त्यांना सवय. घरी तर रोज भाजी नापास. मग आई त्यांच्या अकलेवर घसरायची, आणि त्या भरात दोघंही पोटभर जेवायची.

रविवारी बटाट्याच्या भाजीत मीठ दोनदा पडलं. माझे पहिल्याच घासाला डोळे मिटले. बाबांनी मात्र सगळी भाजी संपवली, छान झालीय म्हणाले आणि तांब्याभर पाणी प्यायले. आई त्यांच्याकडे बघतच राहिली. सोमवारी पुन्हा छान. मंगळवारी तर त्यांनी आपणहून वाढून घेतलं.

तेव्हापासून आईचं जेवण जवळजवळ बंद आहे. गुळण्या वेळेवर, लाकडी चमचे जागेवर, घास मात्र उतरत नाही. काल मला बोलावून कपाटाची किल्ली कुठली, गॅसवाला कोणता, बाबांचे लोकरी मोजे कुठल्या खणात, सगळं नीट समजावून सांगितलं. मी लोकांना गाडी शिकवतो. माझ्या बाजूलाही एक ब्रेक असतो, म्हणून मला भीती वाटत नाही. इथे तो ब्रेक सापडत नाहीये. तपासणी जवळ आली आहे.

रागावू नकोस, रागावलीस तरी लिही.
धाकटा


दि. १३ जून

चि. थोरलीस,
अ. आ.

मी ठीक आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते.

डॉक्टर म्हणतात, गोळ्या लागू पडताहेत. माणूस गोड आहे, मी विश्वास ठेवलाही असता. पण तुझे बाबा माझ्या भाजीला छान म्हणाले. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी माझ्या चहात खोट काढणारा माणूस आहे हा. तुम्हा दोघांच्या बाळंतपणातसुद्धा त्यांनी मला सूट दिली नाही. असा माणूस एकाएकी मऊ पडला, म्हणजे डॉक्टरांनी त्यांना बाजूला घेऊन काय सांगितलं असेल, ते मला कळायला पाहिजे. मग फोड आलेल्या तोंडाने वाट्या रिचवायची हौस कुणाला?

तुला ठाऊक असेल ते खरं खरं लिही. लहानपणी खोटं बोललीस की तुझे कान लाल व्हायचे. पत्रात कान दिसत नाहीत, पण मला कळेल.

तुझ्या मुलींना रागावताना मधूनच हसत जा.
आई


दि. १७ जून

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

डॉक्टरांनी काहीही लपवलेलं नाही आणि हुकूम माझा होता, हे आईला आजच्या आज सांगा. मीही तिला वेगळं लिहिते आहे, पण तुमचं एक 'छान' माझ्या दहा पत्रांना भारी पडेल. तेव्हा बाबा, पाया पडते, नावं ठेवा. तिच्या जिभेचं काम सध्या तुम्ही करा.

चुकले, पोटात घाला.
तुमची थोरली


दि. २९ जून

चि. थोरलीस,
अ. आ.

तुझा सुधारित हुकूम पोचला. आधीचा माझ्या पोटात अजून आहे, नवीन काही घालायला जागा नाही.

तुझ्या आईला खरे काय ते सांगितले. तिचा विश्वास बसेना. म्हणाली की तुम्ही सगळे मिळून आता माझी समजूत घालता आहात. तेव्हा मी समोरची डाळ चाखली आणि सांगितले की डाळ कच्ची आहे, मीठ दिसत नाही, आणि असला माल आमच्या कारखान्याच्या फाटकाबाहेर गेला नसता. तिचा चेहरा इतक्या दिवसांत प्रथमच लाल झाला. तिने डाळ पुन्हा चढवली, मीठ घातले, आणि मला खोटे पाडण्यासाठी वाटीभर स्वतः खाल्ली. चव खिळ्याचीच लागली म्हणे, पण शिजलेला खिळा होता.

आता मी ओट्यापाशी उभा असतो. मी खोट काढतो, ती माझी अक्कल काढते, वाटी रिकामी होते. फोडांना डॉक्टरांनी मलम दिले, त्याचाही गुण आला.

परवा तपासणी झाली. वजन वाढले नाही, पण उतरलेही नाही. गोळ्या आहेत तेवढ्याच चालू राहणार. जेवण कसे जाते, असे नर्सने विचारले. तुझी आई म्हणाली, "भांडताना कधी गिळलं जातं, ते कळत नाही."

लोभ वाढवावा, हुकूम कमी करावेत.
बाबा

ता. क. कालची बटाट्याची भाजी खरोखरच छान झाली होती. मी नापास केली. हे पत्र वाचून फाडून टाकणे. तिच्या हाती पडता कामा नये.