पॉवाच्या झाडाखाली

प्रिय पॉवा,

हे पत्र ज्याच्या पिशवीतून पाठवते आहे, त्याला आपल्या करेन लोकांची अक्षरं वाचता येत नाहीत, हे फार बरं आहे. त्याच्याविषयी मला जे वाटतं ते मोकळेपणाने लिहिता येईल. फोनवर हे जमलं नसतं. एक तर रेंजसाठी टेकडीवरच्या त्या दगडावर चढून उभं राहायचं, मागे निम्मा गाव कान टवकारून बसलेला, आणि तिकडे बँकॉकमध्ये तू हुंदके द्यायला लागलीस की माझं पुढचं सगळं राहूनच जातं. तुला आठवा महिना आहे, म्हणून मुख्य गोष्ट आधीच सांगून टाकते. तुझं झाड उभं आहे. आता डोळे पूस, पाय वर घेऊन बस आणि सावकाश वाच.

त्या जांभळीकडे काल बघत होते, तेव्हा तुझ्या बापाचं ते रूप आठवलं. तुझी नाळ गळून पडली तशी वेळूच्या नळकांड्यात घालून तो रानात गेला, आणि झाड पसंत करायला त्याने इतका वेळ लावला की माझी आई म्हणाली, स्वतःची बायको निवडताना याने एवढी चिकित्सा केली नव्हती. वाकडं झाड नको, पोकळ नको, ज्यावर पाखरं बसत नाहीत ते नको. शेवटी रानाच्या कडेची ती कोवळी जांभूळ त्याला आवडली आणि नळकांडं तिला बांधून तो हसत घरी आला. त्या दिवशी गावात कोणी कोयता उचलला नाही. तुझा जीव त्या झाडाला सोपवला होता ना! आणि त्याच दिवसापासून मी मो पॉवा झाले नि तो पा पॉवा. पॉवाची आई, पॉवाचा बाप. आमची जन्माची नावं पुन्हा कोणाच्या तोंडी आली नाहीत. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. शाळेतल्या मास्तरांनी तुझं नाव जिभेवर बसत नाही म्हणून तुला 'सिरिवान' करून टाकलं, तेव्हा मात्र मी चिडले होते. तूच पॉवा नाहीस तर मग मी कोण?

नवा रस्ता आखणारी माणसं पहिल्यांदा आली तेव्हा घोळ आपल्याच लोकांनी घातला. साहेब चांगला होता बिचारा. घाम पुसत त्याने विचारलं, ही झाडं कोणाची? लेपो पाती, सगळ्या गावाचे काका, पुढे झाले. तू त्यांना ओळखतेसच, मूल नाही म्हणून ज्यांचं स्वतःचं नाव अजून शाबूत आहे असे गावातले एकटेच म्हातारे. ते म्हणाले, "कोणाचीच नाहीत, साहेब. आम्ही झाडांचे." बाकी सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. यापेक्षा खरं उत्तर काय असणार होतं? साहेबाने लिहून घेतलं, झाडांवर कोणाचाही हक्क नाही. पुढच्या खेपेला त्याची माणसं आली ती लाल रंगाचा डबा घेऊन. सगळ्या गावाच्या नाळा जिथे बांधल्या त्या आपल्या रानाच्या मधोमध झाडांच्या बुंध्यांवर लाल पट्टे ओढले गेले, आणि पहिला पट्टा तुझ्या जांभळीवर, कारण रस्ता त्याच कडेने आत शिरणार होता.

गावप्रमुखाने तालुक्याला खेटे घातले तेव्हा साहेब पुन्हा यायला तयार झाला. म्हणाला, ज्याचा ज्या झाडावर हक्क आहे त्याने त्या झाडाखाली उभं राहून मला तोंडाने सांगावं. जिथे कोणी नसेल तिथून मी रस्त्याच्या मापाची दोरी नेईन. झालं! लेपो पातींनी सगळ्यांना देवळासमोर गोळा केलं आणि खोटं बोलायची शाळा भरवली. "म्हणा, हे झाड माझं आहे." कोणाला म्हणवेना. पोरं खिदळायला लागली. मो तोवे म्हातारी तर रडकुंडीला आली, "अरे, झाड ऐकतंय ना! त्याला काय वाटेल?" पाती खेकसले, "वाटू दे. नंतर माफी मागू. तुटल्यावर कोणाची मागणार आहेस?" मग एकेक जण शिकला. चिआंग माईच्या हॉटेलांतून, लिचीच्या बागांतून, कुठून कुठून आपली पोरं सुट्ट्या टाकून आली. नियम एकच होता, ज्याची नाळ इथे त्यानेच उभं राहायचं. बाहेरून आलेल्या जावयांनी सगळ्यांसाठी भात शिजवायचा. तुझा बाप इथे आयुष्य घालवून बसला, पण त्याची नाळ डोंगरापलीकडच्या गावात, म्हणून तोही चुलीवर. पोरीच्या झाडाखाली मी उभा राहतो म्हणाला, तर पाती म्हणाले, "पोर तुझी, पण नाळ तिची. तू भातात मीठ किती पडलंय ते बघ." मला माझ्या झाडाखाली उभं राहायचं होतं. म्हणजे तुझी जांभूळ तेवढी रिकामी.

त्याच सुमारास तुझा फोन आला. "मी येते, बसने येते, मला काही होत नाही." मी तुला नाही नाही ते बोलले, आठवतं? डॉक्टरांनी प्रवास करू नको म्हटल्यावर तू घाटातल्या त्या वळणांवरून येणार होतीस! तुला गप्प केलं आणि दगडावरून उतरताना मला रडू आलं. झाड तुटलं तर तुझं काय होईल, पोटातल्याचं काय होईल, हा विचार तू करत होतीस, मीही करत होते. दोघी एकमेकींना सांगत नव्हतो इतकंच.

साहेब यायच्या दिवशी सकाळी धुकं होतं. आम्ही विणलेले लाल सदरे घालून रानात गेलो, तर तुझ्या झाडाखाली कोणीतरी आधीच उभं. शहरातले बूट चिखलाने भरलेले, चष्म्यावर दव, आणि अंगात ऑफिसचा सदरा. तुझा निरुत! तुला तो काय सांगून निघाला होता मला ठाऊक आहे. लाम्पांगला कंपनीचं काम आहे म्हणाला ना? पातींनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "जावई ना तू? मग चुलीकडे जा. लाकडं ओली आहेत, फुंकायला माणूस हवाच आहे." पोरं हसली. निरुतही हसला, पण हलला नाही. त्याच्या त्या मोडक्यातोडक्या करेनमध्ये म्हणाला, "पाती, माझी नाळ कुठल्या दवाखान्यात कोणी कुठे टाकली, मला माहीत नाही. माझ्या बाळाची अजून तुटलेली नाही. ती पॉवाला जोडलेली आहे आणि पॉवा या झाडाला. ती येऊ शकत नाही. तिची जागा धरायला मी आलोय." पातींनी जांभळीच्या बुंध्यावर हात ठेवला. मग म्हणाले, "उभा राहा. पण मुंग्या आहेत तिथे, नाचू नकोस."

साहेब आला. सुरुवात त्या कडेपासूनच झाली. त्याने निरुतला विचारलं, "तुम्ही तर खालच्या मैदानातले दिसता. हे झाड तुमचं कसं?" त्याला बिचाऱ्याला आपल्या शाळेतला धडा कोणी दिलाच नव्हता. तो म्हणाला, "माझं नाही, साहेब. मी त्याचा आहे. माझी बायको त्याची, म्हणून." पातींनी कपाळावर हात मारला. मी डोळे मिटून घेतले. साहेब म्हणाला, "मागच्या वेळी हे म्हातारेबाबाही असंच काहीतरी म्हणाले होते. याचा अर्थ काय?" आणि निरुतने तो सांगितला, त्याच्याच थाई भाषेत, सावकाश, तुझ्या जन्मापासून. नळकांडं कुठे बांधलं होतं ती बुंध्यावरची खाच त्याने बोट ठेवून दाखवली. पॉवा, ती खाच तू त्याला दाखवली असशील. इतकं लक्षात ठेवतं का कोणी? साहेब पुढच्या झाडाकडे गेला, तर मो तोवे शिकवलेलं सगळं विसरली आणि म्हणाली, "मीही याची." मग तिच्यापुढचा, मग त्याच्यापुढचा. कोणीही 'माझं' म्हणालं नाही. एवढी मेहनत पाण्यात गेली म्हणून पाती आधी चरफडले, आणि त्यांची पाळी आली तेव्हा छाती पुढे काढून त्यांनी तेच सांगितलं. आपण डोंगरातली माणसं अधिकाऱ्यांपुढे नेहमी खालमानेने बोलतो. त्या दिवशी मी एकही मान खाली पाहिली नाही. माझी पाळी आली तेव्हा माझा आवाज ओढ्यापलीकडे ऐकू गेला म्हणतात.

दुपारी साहेबाच्या माणसांनी दोरी गुंडाळली आणि खाली ओढ्याच्या अंगाला नेऊन पुन्हा ताणली. तो म्हणाला, मी अहवाल असाच पाठवीन, शेवटचा शब्द वरच्यांचा. वरचे काय म्हणतात ते बघू. पुन्हा उभं राहायची वेळ आली तर आता प्रत्येकाला आपली जागा माहीत आहे. मग सगळे मिळून भात जेवलो. मीठ जास्त झालं होतं.

आता हे पत्र का लिहिलं ते ऐक. तू लग्न केलंस तेव्हा मी निरुतसाठी सदरा विणला नव्हता. मैदानातला आहे, आपल्या घरी राहायला येणार नाही, मग कशाला, असं वाटायचं. काल कमरेला माग बांधला आणि लाल सूत लावलं. तो आज निघतोय. जाण्याआधी तो आपण होऊन तुझ्या बापाकडे गेला आणि म्हणाला, मला वेळू कापायला शिकवा. दोघांनी कापलेलं नळकांडं त्याच्याच पिशवीत आहे, या पत्राच्या शेजारी. तिथल्या नर्सला आधीच सांगून ठेव, नाळ गळेल ती टाकायची नाही. बाळाने थोडं बाळसं धरलं की तिघं या. जांभळीपासून हाकेच्या अंतरावर एक सरळसोट झाड आहे, तुझा बाप रोज जाऊन त्यावर पाखरं बसतात का ते बघून येतो. आणि आणखी एक. सकाळी निरुत निघण्याची तयारी करत असताना लेपो पातींनी अंगणातून त्याला हाक मारली, "ए पा..." आणि तिथेच अडले, कारण पुढे नाव नाही. तेव्हापासून सगळा गाव त्याला तेवढंच म्हणतोय, आणि तो त्या अर्ध्या हाकेलाही वळून बघतो. उरलेली अर्धी लवकर पाठव.

तुझीच,
मो पॉवा