मुखवट्याची चांदी

२ एप्रिल
विट्याहून येताना एसटीत एका म्हातारीनं विचारलं, "कुठली गं तू?" गावाचं नाव सांगितलं. "बोलण्यावरनं वाटत न्हाई." झालं!
सेलमला जन्मले, वाढले. तिथं वर्गात 'सारे भारतीय माझे बांधव' म्हणून झालं की मधल्या सुट्टीत पोरी मला 'नॉर्थवाली' म्हणायच्या. सांगली नॉर्थला! आणि दिवाळीत कायमचं गावी आल्यापासून मी 'मद्राशी सोनम'.
आप्पांना सांगितलं तर हसले. "जत्रा तर हू दे. पालखीला आपला खांदा लागला की कोण इचारतंय बघू."

५ एप्रिल
आप्पांनी नवा फेटा आणला. सोनं-चांदी गाळायच्या भट्टीत सगळा जन्म गेला, छातीचा भाता झाला, पण फेटा भगवाच पाहिजे!
आई अजून झाडलेला केर डब्यात भरून ठेवते. गलाईच्या दुकानाची सवय, केरात सोन्याचा कण असायचा. इथं नुसती माती. मी ओरडले. म्हणाली, "हात ऐकत न्हाई गं."

८ एप्रिल
पालखीचा पुढचा डावा खांदा पणजोबांपासून आमच्या घराचा. आजोबा पोटासाठी सेलमला गेले, तेव्हापासून तो मान चुलत घराकडे. आता केरबाकाका खांदा देतात. आप्पा आज भावकीकडे तो परत मागणार.

९ एप्रिल
नाही म्हणाले.

१० एप्रिल
काल पुढं लिहवलंच नाही.
देवळात सगळी भावकी बसलेली. केरबाकाका म्हणाले, "आप्पासो, ज्याची चूल बारा म्हैनं गावात, त्याचा खांदा. तुमी पावणं. निवांत जेवा की!"
आप्पा म्हणाले, "आवं, देवाच्या मुखवट्याची चांदी मी गाळून आणलीया तिकडनं."
"आणली की. देवाला पोचली."
असा राग आला! ती चांदी सेलमची, आमच्याच भट्टीतली. ती एका दिवसात गावची झाली. आम्ही तीन पिढ्यांत नाही.
"मग पुढल्या साली?" आप्पांनी विचारलं. "तवा बारा म्हैनं व्हत्यात."
"पुढचं पुढं बघू."
मिरजेच्या डॉक्टरांनी आईला आणि मला सांगितलंय. पुढची जत्रा आप्पांना दिसायची नाही. आप्पांना कुणी सांगितलेलं नाही.

१३ एप्रिल
जत्रा. पालखी दारावरून गेली. आप्पा फेटा बांधून उंबऱ्यात उभे. केरबाकाकांनी इकडं बघितलंसुद्धा नाही. आप्पांनी हात जोडले, आत आले, फेटा सोडून आईच्या हातात दिला.

१६ एप्रिल
काही नाही. आप्पा भिंतीकडं तोंड करून पडून असतात.

२० एप्रिल
मला बघायला आले. मुलगा अमृत. पलीकडच्या गावचा, म्हणजे जन्म गुवाहाटीचा, तिथंच त्यांचं गलाईचं दुकान. मराठी माझ्यापेक्षाही पुस्तकी. केरबाकाका खूश, "गावाकडचंच स्थळ हाय की!"
दोघांना बोलायला परड्यात पाठवलं. तो म्हणाला, "पंधरा-वीस वर्षं तिकडं काढायची, मग कायमचं गावी. आमच्या पालखीला एकदा खांदा द्यायचाय मला. तुमच्या आप्पांनी यंदा दिला असेल ना? कसं वाटलं त्यांना?"
दाराआड आप्पा खोकले.
मी म्हटलं, "लय बरं वाटलं."