ते वाक्य परत घाल

प्रिय वैजू,

'कोणा अडाण्याने माझ्या सिकलसेलच्या लेखात भलतंच वाक्य घुसडलं होतं, शनिवारी दिसलं तसं उडवून टाकलं,' असं तू काल फोनवर हसत हसत सांगितलंस. मी तेवढ्यावरच फोन ठेवला. एक तर कढईत भजी होती, आणि दुसरं म्हणजे मी तोंड उघडलं की 'आई, तुला नाही समजत' म्हणून तू मोकळी होतेस. म्हणून हे पत्र. कागदाच्या मधे बोलता येत नाही. काहून गं, एवढी कसली घाई होती तुला? समोरच्याने काय लिहिलं, कोणासाठी लिहिलं, एवढं तरी बघायचं होतंस. स्टँडवरच्या आपल्या हॉटेलात कोणी चहा परत केला तर मी आधी चाखून बघते आणि मग भांडते. तू चाखलंही नाहीस. वर पुन्हा अडाणी म्हणालीस.

उन्हाळ्यात घरी होतीस तेव्हाचं आठव जरा. मॅडमनी तुम्हा एम.एस्सी.च्या पोरींना विकिपीडियावर मराठीतून लेख लिहायला शिकवलं आणि तुझ्या वाट्याला हे पान आलं. दुपारी गिऱ्हाईक नसलं की तू बाकावर मांडी घालून वाचायचीस, मी कांदे चिरत ऐकायची. रक्तातल्या तांबड्या पेशी, त्यांच्यातलं हिमोग्लोबिन, आणि ते कसं बनवायचं हे अंगाला सांगणारं जनुक. त्या जनुकातलं एकच अक्षर बदललं की गोल पेशी विळ्यासारखी वाकडी होते आणि बारीक नसांमधे अडकून बसते. हे आता मी धडाधड लिहिते आहे, पण तेव्हा मी नाही समजलं म्हणायची, तू चिडायचीस, मला ठोंबी म्हणायचीस, आणि तरी खोडून पुन्हा लिहायचीस. शेवटी समजलं तेव्हा माझ्यापेक्षा तूच जास्त खूश झालीस. चौथी शिकलेल्या बाईला समजलं म्हणजे साऱ्या जिल्ह्याला समजलं, असं तूच तुझ्या बाबांना सांगितलंस. लेखावर तुझं नाव नाही म्हणून मी भांडले, तर म्हणालीस की तिथे कोणाचंच नाव नसतं, कोणीही लिहावं आणि कोणीही सुधारावं. कोणीही, हा शब्द तुझा आहे, माझा नाही. मग मॅडमनी वर्गात तुझं कौतुक केलं आणि तेव्हापासून तुझं वाचून दाखवणं बंद झालं. मॅडमना समजलं की झालं तुझं.

बाकी इकडे सगळं बरं आहे. तूर शेंगांवर आली, तुझ्या बाबांचा पाय घरात टिकत नाही. तुझी भागिरथा मावशी अजून आपल्याकडेच आहे आणि खरं सांगते, तिच्या हाताची भजी माझ्यापेक्षा चांगली होतात. रिसोडच्या गाडीचे ड्रायव्हर आता तिने तळली का विचारूनच खाली उतरतात. तिची पोरगी हेमलाही बरी आहे. सरकारी दवाखान्यातली गोळी रोज घेते, मी पाण्याची बाटली घेऊन तिच्या मागे फिरते, आणि दिवाळीपासून तिचे हातपाय दुखले नाहीत. गल्लीतल्या पोरींवर सारखी दादागिरी चालते तिची. मला दोघींचा काही भार नाही. पण तिच्या सासरची, मानोऱ्याची गाडी थांबली की भागिरथा कढईवरून मान वर करते आणि कोण उतरतं ते बघते. तिला घरी जायचं आहे. रागाने माहेरी येऊन राहणाऱ्यातली ती नाही, तिला धाडलं आहे.

कशाला धाडलं ते मी तुला नीट सांगितलं नव्हतं, तुझी परीक्षा होती. हेमलाला सिकलसेल निघाला तेव्हापासून भागिरथाची सासू रंगूबाई एकच धरून बसली आहे, की पोरगी तुमच्या रक्तावर गेली, आमच्या खानदानात असं कोनाले झालं नाही. भागिरथाच्या नवऱ्याला, जगदेवला, तपासून घे म्हटलं तर तो म्हणतो, मी तं धडधाकट हावो, मले कायची तपासनी? माणूस वाईट नाही गं, पण आईसमोर त्याचं तोंड उघडत नाही. दवाखान्यातल्या शीला सिस्टरने समजावून सांगितलं तर रंगूबाई म्हणाली, ती तुमच्याच हॉटेलात चहा पेते, ती तुमचंच बोलंल. आता हिला कोणाचं पटवायचं? पण एक आहे, जगदेवचा फोनावर फार विश्वास. फोनात दिसलं की त्याला खरं वाटतं. म्हणून मी त्यांना रविवारी बोलावलं. तुझ्या पानावर ते वाक्य होतं. हा आजार मुलाला होतो तो आई आणि बाप दोघांकडून एकेक बिघडलेलं जनुक आलं तरच होतो, बाप धडधाकट दिसत असला तरीही. म्हणून एकट्या आईला बोल लावू नये. शनिवारी सकाळी मी ते भागिरथाला वाचून दाखवलं. तिने पुन्हा वाचायला लावलं. मग पीठ भिजवता भिजवता पुन्हा. मग म्हणाली, अक्का, हे त्याइले ऐकव.

रविवारी दोघं आले. मी पान उघडून फोन जगदेवच्या हातात दिला, म्हटलं मोठ्याने वाच. तो वाचायला लागला आणि 'ऑटोसोमल अप्रभावी वंशागती' इथे येऊन जो अडकला तो अडकलाच. रंगूबाई म्हणाली, हे काय मंतर हाये का? मी फोन ओढून घेतला, वर केलं, खाली केलं, वाक्य कुठेच नाही. म्हटलं, काल होतं. तर म्हणे, कालचं काल राह्यलं बाई, आता चहा टाक. माझ्याच हॉटेलात बसून मला चहा टाक म्हणाली. भागिरथा भांडी घासायला म्हणून मागे गेली ती ते जाईपर्यंत बाहेर आली नाही. तेवढा जगदेव गाडीत चढताना हेमलाजवळ थांबला, तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मला हळूच म्हणाला, पुढच्या रविवारी येतो, ते सापडलं तं दाखवजा. त्याला ऐकायचं आहे, वैजू.

तर आता ऐक. तो अडाणी म्हणजे मी. फोनात बोललं की अक्षरं उमटतात हे मला हेमलाने दाखवलं, भागिरथा बाजूला बसली होती आणि मी बोलले. एकट्या आईला बोल लावू नये, एवढं तिचं आहे, बाकीचं माझं. आणि माझं म्हणजे तरी काय, तूच उन्हाळ्यात बाकावर बसून मला समजावलेलं, ते मी तुला परत दिलं. पोरीला आजार आहे हीच जगदेवची तपासणी, हे मला तुझ्याच लेखातून कळलं आणि तू ते मंतरामागे लपवून ठेवलंस. पुराव्याशिवाय वाक्य राहत नाही हा मॅडमचा नियम मला ठाऊक आहे आणि तो बरोबर आहे, नाहीतर रंगूबाईसारख्या काहीही लिहितील. म्हणून शीला सिस्टरकडून आरोग्य खात्याचं छापील पत्रक मागून आणलं. त्यात दोघांकडून असं साफ लिहिलं आहे. पत्रक सोबत ठेवलं आहे, गल्लीतले पंजाबराव उद्या तुझ्याकडे अमरावतीला येतात, त्यांच्या हाती धाडते, तिळाचे लाडूही आहेत. उपदेश चालत नसेल तर भागिरथाचं अर्धं काढ, तिची समजूत मी घालीन. माझ्या अर्ध्याला हात लावायचा नाही. तुला वाटतील ते मोठे शब्द नंतर लाव, पण हे वाक्य आधी दिसलं पाहिजे. आणि घालण्याआधी मला फोनवर वाचून दाखव, पहिल्यासारखं. नाही समजलं तर मी नाही समजलं म्हणणार. शनिवारी दिवेलागणीच्या आत मला तुझं उत्तर पाहिजे, रविवारी पहिल्या गाडीने ते येतात.

तुझीच ठोंबी,
आई