आडीतली एकवीस तारीख

बेंगळुरू,
मंगळवार, २९ जुलै

तीर्थस्वरूप अण्णांना,

धाकट्या बहिणीचा, पूंगोडीचा नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? अण्णीवहिनींचा खोकला थांबला का? मी बरी आहे, म्हणजे खाऊनपिऊन बरी आहे. बाकीचं पुढे लिहितेच.

गेला आठवडाभर फोन करतेय. दर वेळी अण्णी उचलतात आणि म्हणतात, "ते शेडमध्ये आहेत गं, पंपाची मोटार उघडून बसलेत." मागे तुमचं खाकरणं मला स्पष्ट ऐकू येत असतं. त्यांना कशाला खोटं बोलायला लावता? त्यांना ते जमतही नाही. म्हणून हे पत्र. पाकिटावर हातानं लिहिलेला पत्ता दिसला की चष्मा शोधून ते उघडल्याशिवाय तुम्हाला राहवत नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे.

आधी राग काढून घेते. बावीस तारखेला मी ओरडले, कबूल. पण तुम्ही जे बोललात तेही काही साखरेत घोळलेलं नव्हतं.

आमची डॅनिश विमा कंपनी. दावे तपासायचं तिचं सगळं काम इथे बेंगळुरूत चालतं. पण इथे माणूस टिकत नाही. आठ महिने झाले की शेजारच्या इमारतीत जास्त पगारावर जाऊन बसतो, आणि वरून चहाच्या टपरीवर आम्हालाच भेटून हसतो. म्हणून ठरलं की नवं केंद्र लहान शहरात काढायचं. शेवटी दोन नावं उरली, इंदूर आणि आपलं कोयंबतूर. आपलं नाव यादीत मी घातलं, भांडून घातलं. दोन्हीकडे चाळीस-चाळीस पोरं निवडायची, एकवीस जुलैला कामावर घ्यायची आणि बघायचं. इंदूरला सदतीस हजर झाली. आपल्याकडे नऊ.

त्या नऊंत आपली इनिया नव्हती. परीक्षेत तिसरी आलेली पोर! मी तिची अत्तै, सख्खी आत्या, हे मी कंपनीला लिहून दिलं होतं, म्हणून तिची मुलाखतसुद्धा मी घेतली नाही. स्वतःच्या बळावर आली होती ती. मग मी तुम्हाला फोन करून काय म्हणाले? "तुमच्या पंचांगापायी पोरीचं वाटोळं झालं." आणि तुम्ही शांतपणे विचारलंत, "तारीख ठरली तेव्हा तू आडी महिना विसरली होतीस, की लाजली होतीस?" आणि फोन ठेवलात.

आठ दिवस मी या प्रश्नाला बगल देतेय. या पत्रातही अर्धं पान दिलीच.

आधी एक गंमत सांगते. न आलेल्या एकतीस जणांनी मेल पाठवल्या. अकरा जणांना ताप. सात जणांच्या आज्या आजारी. चौघांचे पाय मुरगळलेले, तेही उजवेच. एकानंही लिहिलं नाही की आडी महिना लागलाय, घरचे नवं काम सुरू करू देत नाहीत, तो संपून आवणी लागताच येतो. परदेशी कंपनीला असलं काही लिहायचं म्हणजे गावंढळपणा दिसतो ना! आपल्या इनियालाही ताप होता. त्याच दुपारी ती मारियम्मनच्या देवळापुढे आंबील वाटत होती. फोटो अण्णींनीच पाठवला मला.

आता आमचे रघुनंदन सर. शहर निवडायच्या समितीचे प्रमुख, मूळचे चेन्नईचे. त्यांनी अहवालात लिहिलंय, "कोयंबतूरचे उमेदवार शब्दाचे कच्चे आणि कारणं खोटी देणारे." हा अहवाल शुक्रवारी डेन्मार्कला जायचाय, आणि खाली त्या गावची माहितगार म्हणून माझी सही हवीय. सही झाली की आपलं शहर यादीतून गेलं. परत दहा वर्षं कुणी नाव काढणार नाही, कारण असले अहवाल एका कंपनीचे दुसरीला वाचायला मिळतातच.

आता ऐका. मे महिन्यात तारीख ठरत होती. सर म्हणाले, "पूंगोडी, तुझं गाव आहे, तूच सांग. एकवीस जुलैला काही अडचण?" मी म्हणाले, "नाही सर, सुट्टी नाहीये त्या दिवशी." सुट्टी नव्हतीच, त्यामुळे खोटंही नाही. अशी अर्धी खरी वाक्यं बोलायला मी इथेच शिकले. कॅलेंडर समोर होतं, आणि मला आडी दिसत होती. पण पडद्यावर डेन्मार्कची माणसं होती, आणि वाटलं, आता ही बाई आषाढ-श्रावण सांगत बसणार का? हसतील.

विसरले नव्हते, अण्णा. लाजले होते.

आणखी लाज सांगते. माझ्या नव्या फ्लॅटचा ताबा दहा जुलैला मिळत होता. आवरायला आठवडा लागला असता आणि आडी लागली असती, म्हणून बिल्डरला सांगितलं की माझे कागद अडकलेत. कागद कपाटात आहेत. स्वतः आवणीची वाट बघणारी बाई तुमच्यावर पंचांगासाठी ओरडली. करून सवरून नामानिराळी, म्हणतात ना, तशी.

पण एवढंच सांगून रडत बसायला पत्र लिहिलेलं नाही. मी त्या अहवालावर सही करणार नाही. काल सरांना सांगितलं. ते म्हणाले, "अगं बाई, हे पंचांग-बिंचांग मीटिंगमध्ये काढू नकोस. हसं होईल आपलं." मी म्हणाले, "होऊ दे. एकतीस पोरांना खोटारडं ठरवण्यापेक्षा माझं हसं स्वस्त पडेल." सर म्हणाले, "तुझी बढती आहे यंदा, विचार कर." केला विचार. अर्धा मिनिट केला.

इनियाला मी वेगळं कळवलंय. सगळ्यांनी मिळून खरं काय ते लिहावं, एवढंच मागितलंय तिच्याकडे. तुम्ही माझ्याशी बोलू नका हवं तर. तिच्या आड येऊ नका.

तुमची,
चूक कबूल करूनही भांडणारच अशी,
पूंगोडी


कोयंबतूर, अविनाशी रोडवरचं हॉटेल,
मंगळवार, १९ ऑगस्ट

तीर्थस्वरूप अण्णांना,

नमस्कार. पत्ता वाचून चमकलात ना? घरापासून सहा किलोमीटरवर हॉटेलात राहतेय. ज्या शहरात माझ्या कानात बाळी घातली तिथे मी खोलीचं भाडं भरते, याला काय म्हणावं? पण तुम्ही बोलावलं नाहीत आणि बोलावल्याशिवाय मी येणार नाही. एकाच अम्माची पोरं आपण.

एक ऑगस्टची हकीकत तुम्हाला इनियानं सांगितली असेलच, पण तिला अर्धीच माहीत आहे. ती माझ्याकडून ऐका.

मीटिंगमध्ये सरांनी अहवाल वाचला. पडद्यावर किर्स्टन होती, डेन्मार्कची आमची सगळ्यात वरची साहेब. समुद्राकाठच्या आपल्या सुट्टीच्या घरातून बोलत होती, मागे दोरीवर ओले पोहण्याचे कपडे वाळत होते. मी म्हणाले, मला बोलायचंय. आणि इनियाचं पत्र वाचायला घेतलं. खाली एकतीस सह्या. तुमच्या पोरीनं काय लिहिलंय, तुम्ही वाचलंत का? "आम्हाला ताप नव्हता. आमच्या आज्या ठणठणीत आहेत. आडी होती. खोटं बोललो, त्याची माफी मागतो. आडी पाळली, त्याची मागत नाही. अठरा ऑगस्टला आम्ही दारात उभे राहू. दार उघडायचं की नाही ते तुम्ही ठरवा."

वाचताना माझा आवाज फाटला. फाटू दे म्हटलं.

सर घाईघाईनं म्हणाले, "ही लहान शहरातली मानसिकता आहे, म्हणूनच..." मी मध्येच तोडलं. "सर, तुमची नवी गाडी दोन आठवडे शोरूममध्ये का उभी आहे?" चेन्नईचा माणूस तो, आडीत गाडी घरी नेतोय कशाला! मग माझा फ्लॅटही सांगून टाकला. म्हटलं, मोठ्या शहरातली मानसिकताही नोंदवून घ्या.

आणि मग किर्स्टनला म्हणाले, "जुलैत तीन आठवडे तुमचं ऑफिस ओस असतं. चाळीस खुर्च्यांची मंजुरी मागितली, तर उत्तर आलं, सुट्टीनंतर बघू. आम्ही तुम्हाला शब्दाचे कच्चे म्हटलं का? तुमच्या देशाचा जुलै, तशी आमची आडी. आणि आमच्याकडे चालू काम एक दिवस थांबत नाही. माझ्या भावाच्या शेडमध्ये आडीतही रोज मोटारी बांधल्या जातात. फक्त सुरुवात थांबते. त्याच्याकडे आवणीत लागलेली माणसं एकोणीस वर्षं झाली तरी तिथेच आहेत. तुम्ही लहान शहर शोधताय ते माणूस टिकावा म्हणूनच ना?"

हो, तुमचं उदाहरण दिलं. न विचारता. घ्या, आणखी एक गुन्हा.

किर्स्टन हसली नाही. तिनं एवढंच विचारलं, "हे तू मे महिन्यात का नाही सांगितलंस?" म्हणाले, "लाज वाटली." ती म्हणाली, "महागात पडली आपल्याला." मग म्हणाली, "अठराला बघू. एकतीसपैकी पंचवीस आले तर केंद्र तिथे. आणि तूच चालव. सहा महिन्यांत दहा जण सोडून गेले तर तूही त्यांच्यामागून जा." बढती गेली, बेंगळुरूची खुर्ची गेली. मी तिथल्या तिथे हो म्हणाले. सर मला अजूनही नमस्कार करत नाहीत.

आता कालचं. सोमवारी साडेसातला राहुकाळ लागतो, आणि ऑफिस उघडायची वेळ आठ. म्हणजे ऐन राहुकाळात सह्या. या वेळी मी तोंड शिवून बसले नाही. वॉचमनला म्हटलं, "साडेसहाला किल्ली घेऊन या." तो म्हणाला, "कंपनीची वेळ आठची आहे, मॅडम." म्हटलं, "कंपनीला मी सांगितलंय, आणि कारणासकट सांगितलंय." सव्वासहाला गेटवर गर्दी! पोरं, त्यांचे आईवडील, दोन आज्या. त्यातली एक मला म्हणाली, "मीच ती आजारी आज्जी." पूलुवपट्टीहून एक जण पहिल्या बसनं आला होता, कपाळावर विभूती, हातात लिंबू. नव्या खुर्च्यांखाली लिंबं ठेवली, काय सांगू, सगळा मजला घमघमला. सात पंचविसाला शेवटची सही झाली.

तीस सह्या.

एकतीसपैकी तीस, अण्णा. पंचवीस पुरे होते, तीस आले. केंद्र झालं. किर्स्टननं अभिनंदन कळवलं, पोरांनी टाळ्या वाजवल्या. आणि मी त्या यादीतल्या तिसऱ्या नावासमोरच्या कोऱ्या जागेकडे बघत उभी राहिले. ज्या पोरीनं पत्र लिहिलं, तीस घरांत फोन करून सह्या गोळा केल्या, तीच तेवढी नव्हती.

दुपारी तिला फोन लावला. इतका बारीक आवाज, मला वाटलं खरंच ताप आलाय. म्हणाली, "अत्तै, अप्पा म्हणतात, तुझ्या उपकाराची नोकरी आपल्याला नको. लोक म्हणतील अत्तैनं लावून दिली." मी विचारलं, "आणि तू काय म्हणतेस?" तर म्हणाली, "मी काय म्हणणार?" एकतीस जणांचं म्हणणं लिहिणारी पोर!

उपकार कसले हो, अण्णा? जिच्या भित्रेपणापायी तिची नोकरी जवळजवळ गेली होती, तिचे उपकार? उलट मीच तिच्या पत्रावर तरले. लोकांना बोलायचंच असेल तर हे बोलू दे. तुम्हाला सांगायला तोंड नसेल तर मी चौकात उभी राहून सांगते, आता मला काही वाटत नाही.

आडी संपली. आता तुमच्याकडे पंचांग नाही, फक्त माझ्यावरचा राग आहे. तो माझ्यावर काढा. आपले अप्पा गेल्यावर तुम्ही माझ्या शिक्षणासाठी लेथ मशीन विकलंत आणि आख्ख्या भावकीला ऐकवलंत, "माझी बहीण शिकणार, कुणाचं काय जातंय?" तेव्हा लोक बोलले नव्हते का? भरपूर बोलले. तुम्ही ढिम्म हलला नाहीत. त्याच माणसाची मुलगी आज लोकांच्या भीतीनं घरात बसलीय, हे मी खपवून घेणार नाही. तुम्ही घ्याल, मी नाही.

तिची खुर्ची मी शुक्रवारपर्यंत धरून ठेवली आहे. त्यापुढे माझ्या हातात नाही, यादीतला पुढचा येईल. शुक्रवारी साडेदहाला राहुकाळ लागतो. मी सकाळी आठला गाडी घेऊन दारात येते. मला आत बोलावू नका, कॉफी विचारू नका, तोंडही पाहू नका, शेडमध्ये जाऊन बसा. पण आदल्या दिवशी एकदा तिला समोर बसवून विचारा, तुला काय हवंय. तिनं नको म्हटलं तर मी गाडी वळवीन, शब्द देते.

आणि हवं म्हणाली, तर ती पायरी उतरल्यावर मागून हाक मारू नका. तेवढा अपशकुन मीही मानते.

तुमच्याच हट्टाची,
पूंगोडी