पक्कं सिमेंट

४ मार्च
चि. भाऊस अ. उ. आ.
तू आयुष्यभर लोकांचे दात बसवलेस, म्हणून तुलाच विचारते. सूनबाईने तिच्या दवाखान्यात मला हाडात रोवायचं दाताचं इम्प्लांट बसवलं, हे तुला ठाऊक आहेच. मागच्या आठवड्यात पाव चावताना वरची कॅप निघून हातात आली. विचारलं, तर म्हणते कशी, आई, तिथे मी मुद्दाम हलकं सिमेंट लावलंय. मुद्दाम! समोरच्या शिक्षिकाबाईंच्या कॅपला मात्र वेगळ्याच ट्यूबमधलं, पक्कं. मी दारातून पाहिलं ना. वेगळ्या बिऱ्हाडाला मी नको म्हटलं, तेव्हापासून तिच्या मनात काहीतरी शिजतंय. निदान माझ्या तोंडात तरी राजकारण नको होतं. आता कॅप घट्ट आहे, काळजी नसावी. माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी ताई

११ मार्च
ती. ताईस सा. न. वि. वि.
सूनबाईचं बरोबर आहे. इम्प्लांटच्या आत स्क्रू असतो. तो सैल झाला तर कॅप न फोडता काढता यावी, म्हणून हलकं सिमेंट. बाईंची कॅप त्यांच्या स्वतःच्या दातावर असणार, तिथे पक्कंच लागतं. शिवाय पक्कं सिमेंट इम्प्लांटपाशी हिरडीखाली राहिलं, तर काढताना नाकी नऊ येतात. नाही काढलं तर सूज येते, हाड झिजतं.
मला संशय येतोय तो तुझा. कॅप निघाल्याचं एवढं लिहिलंस, परत कोणी बसवली ते एका शब्दानेही नाही. खरं सांग. रागावलीस तरी आठवण ठेव.
तुझा भाऊ

१९ मार्च
चि. भाऊस अ. उ. आ.
पकडलंस. बाजारामागच्या दवाखान्यात गेले होते. पुन्हा निघता कामा नये, असं त्या डॉक्टरांना बजावलं. त्यांनी पक्क्या सिमेंटनेच बसवली. आता हिरडी सुजलीय, ब्रश लागला की रक्त येतं. मी एकाच बाजूने चावते, आणि सूनबाई टक लावून बघते. विचारत मात्र नाही! ती आणि माझा मुलगा कुजबुजतात, मी आले की गप्प. तिला कळलंय का रे? तू ये आणि गुपचूप काढून दे. एवढं कर, मग हवा तेवढा चिडव.
तुझी ताई

२५ मार्च
ती. ताईस सा. न. वि. वि.
माझा हात आता थरथरतो, कप बशीत वाजतो. थरथरत नसता तरी काढली नसती. जिने बसवलं तिच्याच खुर्चीत जाऊन बस. पत्र वाचून होताच ऊठ, नाहीतर इम्प्लांटच जाईल. रागावून का होईना, माझं ऐक.
तुझा भाऊ

२ एप्रिल
ती. मामांना सा. न.
आई काल आपण होऊन खुर्चीत बसल्या आणि सगळं बोलल्या. मामा, मला माहीत होतं. त्या दवाखान्यातून बाहेर पडताना मी त्यांना पाहिलं होतं. वाटलं, माझी नालस्ती करायला गेल्या असतील. म्हणून सूज दिसत असूनही मी अबोला धरला. डॉक्टर म्हणवते स्वतःला!
कॅप फोडावी लागली. हिरडीखालून सिमेंटची कपची निघाली. थोडं हाड गेलंय. इम्प्लांट वाचेल असं वाटतं, खात्री देत नाही. नवी कॅप मी सिमेंटशिवाय, स्क्रूनेच बसवायची म्हणते. आईंनी चष्मा लावून तो स्क्रू उलटसुलट पाहिला आणि विचारलं, हा तरी चांगल्यातला आहे ना?
इंजेक्शन देताना मात्र त्यांनी माझं डावं मनगट घट्ट धरलं. काम अडत होतं. सोडा म्हणावंसं वाटलं नाही. एका हाताने जमेल तेवढं करत राहिले.
आपला आशीर्वाद आम्हा दोघींवर असू द्यावा.
आपली भाचेसून